बोटीचं इंजिन बंद पडलं तर जबाबदार कोण? मुंबई गोदीतल्या अर्देशिर कर्सेटजी वाडियांची गोष्ट

१ एप्रिल १८४१. मुंबईच्या गोदीतल्या स्टीम फॅक्टरीचा, म्हणजे आगबोटींची इंजिनं दुरुस्त करायच्या सरकारी कारखान्याचा ताबा त्या दिवशी नव्या साहेबाने घेतला. हाताखाली एक मुख्य मदतनीस, चार गोरे फोरमन, इंजिनिअर आणि बॉयलर बनवणारे मिळून शंभर गोरे कारागीर, शिवाय दोनशेच्या आसपास देशी कारागीर. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला माणूस होता अवघ्या ३२ वर्षांचा मुंबईचा पारशी, अर्देशिर कर्सेटजी वाडिया.

आज यात कुणाला विशेष वाटणार नाही. पण तेव्हा कंपनी सरकारचं राज्य होतं. गोऱ्याच्या हाताखाली देशी माणूस ही रोजची गोष्ट, पण देशी माणसाच्या हाताखाली शंभर गोरे ही कुणी पाहिलेली गोष्ट नव्हती. सत्तावनचं बंड व्हायला अजून सोळा वर्षं होती. मुंबई-ठाणे रेल्वे धावायला बारा वर्षं होती. मुंबई विद्यापीठ तर नावालाही नव्हतं.

अर्देशिरांचा हुद्दा होता चीफ इंजिनिअर आणि इन्स्पेक्टर ऑफ मशिनरी. पगार वर्षाला ६०० पौंड. काम एका वाक्यात सांगायचं तर कंपनीच्या आरमारातल्या आगबोटींची यंत्रं चालू ठेवायची. ऐकायला सोपं आहे. किती अवघड होतं ते पुढे येईलच.

सुतारकामाच्या घरातला पोरगा

वाडिया हे आडनावच धंद्यावरून पडलेलं. वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. मूळ पुरुष लवजी नसरवानजी. ते सुरतेला जहाजं बांधत. इंग्रजांनी १७३५-३६ च्या सुमारास त्यांना मुंबईत आणलं. मुंबईची पहिली सुकी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं उभं करायची दगडी गोदी, १७५० साली तयार झाली ती लवजींच्याच काळात. लवजींपासून सुमारे दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीत वाडियांच्या पिढ्याच्या पिढ्या राबल्या.

त्यांचं काम सागवानाचं. इंग्लंडात जहाजाला ओक वापरत, तो समुद्रात काही वर्षांत कुजायचा. आपल्याकडचा साग तेलकट, त्याला पाणी लवकर लागत नाही. म्हणून खुद्द इंग्लंडच्या आरमाराने मुंबईहून लढाऊ जहाजं बांधून घेतली. १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेलं ट्रिंकोमाली हे जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूल गावात तरंगतंय. दोनशे वर्षं झाली त्याला.

अशा घरात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशिरांचा जन्म झाला. वडील कर्सेटजी रुस्तमजी गोदीतलेच. १८२२ साली, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी, पोरगा गोदीत कामाला लागला. तेव्हाची रीतच तशी. बापाच्या हाताखाली रंधा धरायचा, लाकूड ओळखायला शिकायचं, आणि वीस-पंचवीस वर्षांनी मिस्त्री व्हायचं. रस्ता आखलेला होता आणि त्या रस्त्यावर पोटाची काळजी नव्हती.

पण या पोराचं लक्ष लाकडात कमी आणि वाफेत जास्त.

इंग्लंडात तेव्हा वाफेच्या इंजिनांचं युग सुरू झालं होतं. मुंबईत त्याबद्दल पुस्तकांतून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून जे कळेल तेवढंच. अर्देशिरांनी माझगावच्या घरी छोटी भट्टी आणि ओतकामाची फाउंड्री टाकली आणि स्वतः एक हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन बनवलं. कशासाठी? विहिरीचं पाणी उपसायला.

आज आपल्या विहिरीवर तीनची किंवा पाचची मोटर असते आणि ती जळाली की गावातला रिवाइंडिंगवाला दोन दिवसांत परत देतो. तेव्हा मोट होती, बैल होते आणि नाडा होता. त्या दिवसांत मुंबईत राहणाऱ्या एका तरुणाने, कुणी मास्तर नसताना, स्वतःच्या घरच्या भट्टीवर ओतून-घासून इंजिन उभं केलं आणि विहिरीतून पाणी वर आणलं. पुढची सगळी मानाची पदं बाजूला ठेवली तरी एवढ्यावरच त्यांचं नाव घ्यायला हरकत नाही.

१८३३ साली त्यांनी पुढची उडी मारली. इंडस नावाची ६० टनांची छोटी बोट बांधली आणि तिला विलायतेहून आणलेलं दहा हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. त्याच सुमारास माझगावच्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. कोळसा तापवून त्याचा गॅस काढायचा, नळीने फिरवायचा आणि पेटवायचा. ते पाहायला १८३४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला त्यानंतर तीस वर्षं लागली.

आगबोट म्हणजे रोजचं दुखणं

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वाफेची बोट एवढी महत्त्वाची का होती आणि ती सांभाळणं एवढं अवघड का होतं?

शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं. पावसाळ्यात वारा एका दिशेने, हिवाळ्यात दुसऱ्या. मुंबई ते लंडन पत्र आफ्रिकेला वळसा घालून जायचं तेव्हा चार-सहा महिने सहज लागायचे. उत्तर यायला वर्ष. म्हणून इंग्रजांनी ठरवलं की मुंबईहून तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत आगबोट न्यायची, तिथून उंटावर टपाल टाकायचं आणि पुढे भूमध्य समुद्रातून विलायत गाठायची.

पहिली बोट मुंबईतच बांधली. नाव ह्यू लिंडसे, ४११ टन, ८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. लाकूडकाम वाडियांचं, इंजिन विलायतेचं. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली. कोळसा ठेवायच्या जागेत साडेपाच दिवसांपुरताच कोळसा मावत होता आणि एडन होतं त्याच्या दुप्पट लांब. मग काय, प्रवाशांच्या खोल्यांत कोळसा, डेकवर कोळसा, मिळेल तिथे कोळसा. बोट पाण्यात इतकी खाली बसली की तिची चाकं धड फिरेनात. रडतखडत ती एडनला पोहोचली तेव्हा कोळसा जवळजवळ संपत आला होता. २२ एप्रिलला ती सुएझला लागली. सगळे थांबे धरून महिनाभर, पण लागली.

कोळशाचं दुखणं पैशाने सुटायचं. बॉयलरचं दुखणं पैशाने सुटणारं नव्हतं.

त्या काळच्या बोटीच्या बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी भरत. दुसरं आणणार कुठून? समुद्राच्या हजार लिटर पाण्यात साधारण ३५ किलो क्षार असतात. पाण्याची वाफ होऊन निघून जाते, क्षार मागे राहतात. ज्यांच्या बोअरला जड पाणी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. बंबाच्या आत, हीटरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो आणि मग पाणी तापता तापत नाही. बॉयलरमध्ये तेच, फक्त शंभर पटीने. थर जाड झाला की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. लोखंडी पत्रा लालभडक होतो, मऊ पडतो, वाकतो, फाटतो. आणि फाटला की समोर कोळसा टाकणाऱ्यांच्या अंगावर उकळतं पाणी आणि वाफ.

यावर उपाय एकच. दर काही वेळाने तोटी उघडून बॉयलरमधलं खारट झालेलं गरम पाणी समुद्रात सोडायचं आणि ताजं पाणी आत घ्यायचं. म्हणजे कोळसा जाळून तापवलेलं पाणी फेकून द्यायचं. जास्त सोडलं तर कोळसा संपतो, कमी सोडलं तर बॉयलर जातो. किती सोडायचं, कधी सोडायचं हे बोटीवरच्या इंजिनिअरने ठरवायचं. त्याने एक पाळी आळस केला तर त्याचा हिशेब दोन महिन्यांनी गोदीत चुकता व्हायचा.

बंदरात आल्यावर बॉयलर थंड करायचा, पाणी काढायचं आणि माणसं आत घुसवायची. अरुंद भोकातून आत जाऊन, दिव्याच्या उजेडात, हातोडी-छिन्नीने तो क्षाराचा दगड ठोकून ठोकून काढायचा. मुंबईचा एप्रिल-मे, लोखंडी डबा आणि आत दोन माणसं. ही माणसं बहुतेक देशी असत आणि त्यांची नावं कुठल्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली नाहीत.

एवढं करूनही लोखंडी बॉयलर काही वर्षांतच निकामी व्हायचा. मग डेक उकलायचा, जुना बॉयलर तुकडे करून काढायचा आणि नवा बसवायचा.

बाकीची दुखणी वेगळीच. पिस्टनला रबराची रिंग नव्हती. ताग-अंबाडीसारख्या दोराला चरबी चोपडून त्याची पॅकिंग भरत. ती जळायची, झिजायची आणि वाफ गळायची. दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांच्या फळ्या लाटांनी तुटायच्या. बेअरिंग तापायचे. वाफेचा दाब तसा कमीच, आजच्या मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा असते त्याहूनही कमी. पण त्या काळचा पत्रा आणि त्या काळचे रिव्हेट पाहता तेवढाही पुष्कळ होता.

कुणी काय करायचं

शिडाच्या जहाजावर जबाबदारीची वाटणी जुनी आणि पक्की होती. कप्तान सर्वांवर. शिडं-दोर पाहणारा वेगळा, लाकूड पाहणारा सुतार वेगळा, तोफा-दारू पाहणारा वेगळा. देशी खलाशांवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल. कुणाची वस्तू बिघडली तर कुणाची मान धरायची हे सगळ्यांना ठाऊक.

वाफ आली आणि या वाटणीत एक परका माणूस येऊन बसला, इंजिनिअर. कपडे काळे, हात तेलकट, बोलणं कारखान्यातलं. कप्तानाला त्याचं काम कळत नाही आणि त्याच्याशिवाय बोट हलत नाही. खुद्द इंग्लंडच्या आरमारात इंजिनिअरांना अधिकाऱ्याचा पूर्ण दर्जा, म्हणजे कमिशन, १८४७ साली मिळायला लागलं, तेही फक्त वरच्यांना. तोवर ते कारागिरांतच मोजले जायचे.

बोटीवर मुख्य इंजिनिअर, त्याच्या हाताखाली दोन-चार दुय्यम इंजिनिअर, त्यांनी पाळीपाळीने इंजिनापाशी उभं राहायचं. त्यांच्या खाली भट्टीवर कोळसा ओढणारे. आपल्याकडच्या बोटींवर त्यांना आगवाले म्हणत. नाव अगदी बरोबर होतं. तेल घालणं, पॅकिंग आवळणं, खारं पाणी सोडणं, लहानसहान भाग बदलणं हे बोटीवरच उरकायचं. भर समुद्रात गोदी कुठून आणणार?

जे बोटीवर होणार नाही ते किनाऱ्यावर. नवा शाफ्ट, नवं सिलिंडर, फाटलेला बॉयलर, वाकलेला खांब. आणि इथेच अर्देशिरांची जबाबदारी सुरू व्हायची. बोट बंदराला लागली की तिची यंत्रं तपासायची, काय दुरुस्त करायचं आणि काय बदलायचं ते ठरवायचं, कारखान्यात ते काम करून घ्यायचं आणि बोट परत समुद्रावर जायला लायक आहे की नाही ते सांगायचं.

या शेवटच्या कामात खरी मेख होती. कप्तानाला घाई असते, सरकारला टपालाची घाई असते, लढाई असली तर विचारूच नका. १८३९ ते ४२ या काळात चीनशी अफूची लढाई चालली होती आणि मुंबई आरमाराच्या आगबोटी तिकडे गेल्या होत्या. अशा वेळी एका देशी माणसाने गोऱ्या कप्तानाला सांगायचं की बॉयलर खराब आहे, बोट जाणार नाही. आणि जाऊ दिली अन् वाटेत बॉयलर फुटला तर? बोट त्याची नाही, पण सही त्याची.

लाकडी सांगाडा मात्र अर्देशिरांकडे नव्हता. तो गोदीच्या मास्टर बिल्डरकडे. पुढे काही वर्षं त्या जागेवर त्यांचे वडील कर्सेटजीच होते. बोटीचं लाकूड बापाकडे आणि पोटातलं लोखंड लेकाकडे, असा तो मामला झाला.

विलायतेला जाऊन आलेला माणूस

ही नेमणूक मुंबईत बसून मिळालेली नव्हती. १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं होतं. त्यांचे दोन तरुण भाऊबंद, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, जहाजबांधणी शिकायला आधीच इंग्लंडात पोहोचले होते. १८३९ मध्ये अर्देशिरही निघाले. आगबोटीने तांबड्या समुद्रातून इजिप्त, तिथून पुढे विलायत. सोबत स्वतःचे पारशी नोकर, कारण परक्याच्या हातचं खायचं नाही. धर्म सांभाळायचा आणि विद्याही घ्यायची, असा त्यांचा बेत होता.

वाटेत त्यांनी रोजनिशी लिहिली. ती १८४० मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. बोट, बंदर, इंजिन, कारखाना जे दिसेल ते टिपायचं, ही त्यांची सवय.

लंडनला त्यांनी इंजिनांचे कारखाने पाहिले, यंत्रविद्येचा अभ्यास केला, इंजिनिअरांच्या संस्थेत उठबस केली आणि पार्लमेंटच्या समितीपुढे हिंदुस्थानच्या मालाबद्दल साक्षही दिली. त्यांची हुशारी पाहून कंपनीच्या संचालकांनीच मुंबईच्या स्टीम फॅक्टरीची जागा त्यांना दिली. म्हणजे हुकूम थेट लंडनहून आला. मुंबईतल्या साहेबांना तो गिळावाच लागला.

गिळला, पण कुरकुर झालीच. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून सूर निघाला की माणूस कितीही शिकलेला असला तरी देशी माणसाला एवढ्या गोऱ्या कामगारांवर बसवणं बरोबर नाही. अर्देशिरांना काम येत नाही असं म्हणायला जागा नव्हती, म्हणून कातडीवर बोट ठेवलं.

अर्देशिर मुंबईत कामाला लागलेले असताना तिकडे लंडनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांची फेलो म्हणून निवड केली. न्यूटन ज्या संस्थेचे अध्यक्ष होते ती ही संस्था. हा मान मिळवणारे अर्देशिर पहिले भारतीय. दुसरे भारतीय म्हणजे गणिती रामानुजन, तेही १९१८ साली. मधे ७७ वर्षं गेली.

मान मोठाच. पण अर्देशिरांची गंमत अशी की हा मान त्यांना कुठल्या प्रबंधासाठी मिळालेला नव्हता. घरची बोट, तिला बसवलेलं इंजिन, गॅसचे दिवे, यंत्रांची जाण, हीच त्यांची कमाई होती. हाताने केलेल्या कामावर ते तिथवर पोहोचले. यंत्र सांभाळणाऱ्याला आपल्याकडे अजूनही नुसता मेकॅनिक म्हणून बाजूला काढतात, त्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

सोळा वर्षं

ताबा घेतला १८४१ ला, निवृत्त झाले १ ऑगस्ट १८५७ ला. सोळा वर्षं आणि चार महिने. ज्यांना वाटलं होतं की गोरे कामगार याचं ऐकणार नाहीत, त्यांना एवढी वर्षं वाट पाहावी लागली आणि तसं काही झालं नाही.

या काळात मुंबईचं आरमार शिडाकडून वाफेकडे गेलं. कामाची जात बदलली. आधी गोदीत सुतार आणि कलफाटी करणारे, म्हणजे फळ्यांच्या फटी भरणारे कारागीर मोठ्या संख्येने असत. आता लोहार, ओतारी, बॉयलरवाले, फिटर यांची मागणी वाढली. घण मारणारा गावचा लोहार आणि इंचाच्या बारक्या भागापर्यंत माप घेऊन लोखंड घासणारा फिटर यांत फरक आहे. तो फरक कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. तो या कारखान्यात, खराट्या-तेलाच्या वासात, गोऱ्या बॉयलरवाल्याच्या शेजारी उभं राहून शिकावा लागायचा. पुढे मुंबईत रेल्वेचे कारखाने आणि कापडाच्या गिरण्या आल्या तेव्हा अशाच हातांची गरज पडली.

अर्देशिरांचा उद्योग कारखान्यापुरता नव्हता. शिवणयंत्र, फोटोग्राफी, विजेने धातूचा मुलामा द्यायची कला, अशा नव्या वस्तू मुंबईत आणून दाखवण्यात ते पुढे असत. १८४९ मध्ये ते अमेरिकेलाही गेले. तिथली लाकूड कापायची यंत्रं त्यांना पसंत पडली आणि ती त्यांनी मुंबईसाठी विकत घेतली. वाडियाच्या घरातल्या माणसाने लाकूड कापायला यंत्र आणावं, म्हणजे काळ किती फिरला होता ते कळतं.

१८५१ च्या फेब्रुवारीत त्यांनी लवजी फॅमिली नावाची आगबोट पाण्यात सोडली. पूर्वजांचं नाव बोटीला दिलं हे खरं, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की तिच्या इंजिनाचा प्रत्येक भाग त्यांच्या स्वतःच्या फाउंड्रीत बनला होता. १८३३ च्या इंडस बोटीचं इंजिन विलायतेचं होतं. अठरा वर्षांनी सगळं इंजिन मुंबईचं.

हे महत्त्वाचं का, तर दुरुस्तीसाठी. ज्याला नवा भाग ओतता येतो त्याचीच दुरुस्ती खरी. नाहीतर सुट्या भागासाठी विलायतेला पत्र लिहायचं, आणि शिडाच्या जहाजातून तो भाग केपला वळसा घालून येईपर्यंत बोट धक्क्याला बांधून ठेवायची. ट्रॅक्टरचा पार्ट तालुक्याला मिळत नाही म्हणून पेरणीच्या दिवसांत हातावर हात ठेवून बसलेल्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल.

१८५५ साली सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस केलं. शहराच्या कारभारात ज्यांचा शब्द चालायचा अशा मानकऱ्यांचं हे पद.

शेवटची वर्षं

१८५७ च्या ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले तेव्हा उत्तरेत बंड पेटलेलं होतं. वर्षभरात कंपनीचं राज्य गेलं आणि राणीचं आलं.

निवृत्त झाले तरी माणूस घरी बसला नाही. १८६१ मध्ये ते परत कामाला लागले. सिंधू नदीतून आगबोटी चालवणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीत देखरेख करणारे इंजिनिअर म्हणून. नदीतली बोट म्हणजे वेगळाच ताप. समुद्रात मीठ, नदीत गाळ. गढूळ पाणी बॉयलरमध्ये गेलं की तळाशी चिखलाचा थर, आणि तो काढायची तीच हातोडी-छिन्नी.

१८६३ मध्ये मुंबईचं ते जुनं आरमारच सरकारने मोडीत काढलं. ज्या बोटींसाठी अर्देशिरांनी सोळा वर्षं घालवली त्यांचं आरमार त्यांच्या डोळ्यांदेखत संपलं. गोदी मात्र राहिली. आज त्याच जागी भारतीय नौदलाची मुंबईची गोदी आहे आणि लवजींच्या काळातल्या सुक्या गोदीचे दगड तिथे अजून शाबूत आहेत.

त्यांच्या घरगुती आयुष्याबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण नाहीतर चित्र फारच गुळगुळीत होईल. मुंबईत त्यांची पारशी पत्नी अवाबाई आणि मुलंबाळं होती. तरी एका इंग्रज बाईबरोबर त्यांनी दुसरा संसार मांडला आणि तिच्यापासूनही त्यांना मुलं झाली. पहिल्या विलायतेच्या प्रवासात परक्याच्या हातचं न खाणारा हा माणूस. त्या काळच्या पारशी समाजात यावर काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. अवाबाईंच्या वाट्याला काय आलं, त्याचा विचार मात्र त्यांच्या चरित्रात फारसा कुणी केलेला नाही.

१८६८ च्या सुमारास ते कायमचे इंग्लंडला गेले आणि लंडनजवळच्या रिचमंडला राहिले. तिथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी राहिलं नाही. १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. त्यावर पारशी पगडीतले अर्देशिर आहेत आणि शेजारी आगबोट.